शून्य नंबरचा म्हातारा

सो-रान पास होते की घरी येऊन लसूण सोलते, याचा निकाल एका म्हाताऱ्याच्या चमच्यावर येऊन अडकला होता.

त्याचं झालं असं. दक्षिण किनाऱ्यावरच्या लसणाच्या गावातली ही पोर शहरात कॉम्प्युटर शिकायला गेली आणि पहिल्या वर्षाच्या अगदी पायाच्या विषयातच आपटली. बाप गावचा कारभारी. आरडाओरडा केला नाही गड्यानं. नुसतं म्हणाला, "आणखी एकदा आपट, मग ये घरी. लसूण कुणाला नापास करत न्हाई."

त्यानंतर पोर शुद्धीवर आली. अभ्यासाला बसली तेव्हा तिला कळलं, की कॉम्प्युटर म्हणजे नुसता सांगकाम्या. चाल म्हटलं की चालेल, थांब म्हणायचं राहिलं तर समुद्रात शिरेल. 'टोपली रिकामी होईस्तवर तेच काम करत राहा' हे प्राध्यापक फळ्यावर घाम गाळून समजावत होते. तिच्या आईनं ते तिला लहानपणीच हातात लसणाचा गड्डा देऊन शिकवलं होतं. अडत होतं ते एकच. हे यंत्र शून्यापासून मोजतं. ओळीतला पहिला तो शून्य, दुसरा तो एक. आणि तिच्या देशात तर पोर जन्मतं तेच एक वर्षाचं होऊन. आईच्या पोटातले महिने काय फुकट गेले? सरकारनं कायदा करून सगळ्यांची वयं खाली ओढली खरी, पण गावच्या तोंडात अजून जुनंच वय. सो-रानचा हात आपसूक एकावर जाई.

परीक्षेसाठी प्राध्यापकांनी सांगितलं, कुणाच्या तरी कामाला येईल असा प्रोग्राम लिहा आणि तो चालताना, माणसं त्याचा लाभ घेताना दिसतील, असा व्हिडिओ आणा. सो-राननं गावचं जेवण धरलं. आई-बापांना मान द्यायच्या सणाला समाजघरात म्हाताऱ्यांची पंगत बसते. थोरला आधी, धाकटा मागनं. दर साली या क्रमावरनं भांडण. यंदा यंत्रच वयाप्रमाणं नावं लावील आणि गावच्या भोंग्यावरनं पुकारील. बापही खूश झाला. शिव्या खायला कुणीतरी दुसरं मिळालं.

सणाच्या दुपारी सगळे समाजघराच्या ओट्यावर जमले. बाप फोन धरून व्हिडिओ काढायला उभा. सो-राननं बटण दाबलं. भोंगा खाकरला आणि बोलला, "चू देओक-मान आजोबा."

चू आजोबांचा नंबर खरा दुसरा. पहिले गुक आजोबा, एका वर्षानं मोठे. पण चू आजोबा जन्मभर सांगत आलेले, की माझ्या बापानं माझी नोंद उशिरा केली, खरा थोरला मीच.

"ऐकलंत?" चू आजोबा उठले. "यंत्राला कळलं. माणसास्नी सत्तर वर्षांत कळलं न्हाई." छातीवर सणाचं मानाचं लाल फूल लावून घेतलं आणि थेट मानाच्या जागी जाऊन बसले.

भोंगा पुढची नावं घेत गेला. सगळे आत गेले, गुक आजोबा राहिले. पायातले जोडेसुद्धा काढले नाहीत त्यांनी.

आत कोंबडीचा रस्सा वाढलेला. पण थोरल्यानं चमचा उचलल्याशिवाय कुणी उचलायचा नाही. चू आजोबांनी हळूच हात पुढं केला, तर त्यांच्या म्हातारीनं फटका दिला. "हात मागं घ्या. लाज न्हाई, निदान भूक तरी आवरा."

रश्श्यावर चरबीची साय धरायला लागली. बाप फोन खाली करून म्हणाला, "सो-रान, लसणाची पाटी धुऊन ठेवू का?"

पोर बाहेर पळाली, गुक आजोबांपुढं गुडघ्यावर बसली. "आजोबा, चूक माझी हाय. यंत्र शून्यापासनं मोजतं, मी एकापासनं मोजाया सांगितलं. तुम्ही राहिला."

"सरकारनं माझं एक वरीस काढून घेतलं," म्हातारा म्हणाला. "तू तर मलाच काढलंस."

"आता नीट करते. तुमचा नंबर शून्य."

"शून्य? म्हंजे मी कायच न्हाई?"

सो-राननं एक बोट वर केलं. मग म्हणाली, "आजोबा, चू आजोबांचा नंबर एक. एकाच्या आधी काय येतं?"

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. ओठ हलवत काहीतरी मोजलं. "म्हंजे त्यो पैला, आन मी पैल्याच्या बी आधी?"

"व्हय."

"मग हे असं कानात काय सांगतीस? भोंग्यावर सांग."

तिनं एकाचं शून्य केलं आणि जाता जाता नावाआधी नंबर पुकारायची एक ओळही जोडली. भोंगा पुन्हा खाकरला, "शून्य क्रमांक, गुक फान-सू आजोबा." गुक आजोबांनी सावकाश जोडे काढले, चू आजोबांना हातानंच सरकायला सांगितलं आणि म्हणाले, "सरक. तू नुसता पैला हाईस." मग चमचा उचलला. सगळी पंगत रश्श्यावर तुटून पडली आणि बापानं तेवढंच चित्रित केलं.

प्राध्यापकांना व्हिडिओ आवडला. जेवणाऱ्यांचा इतका उत्साह त्यांनी कुठल्याच प्रोग्रामला पाहिला नव्हता म्हणे. पोर काठावर पास झाली.

सुट्टीत गावी आली तेव्हा चू आजोबांनी तिला वाटेत गाठलं. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "पोरी, शून्याच्या आधी बी काय असतं का गं?"

"वजा एक असतं, आजोबा."

"मग पुढल्या साली मला त्यो दे. गुकला सांगू नगंस."

आता या यंत्रात वजा एक म्हणजे ओळीतला अगदी शेवटचा. शेपटाचा नंबर. सो-राननं दोन्ही हात पोटाशी धरले, अदबीनं कमरेत वाकली आणि म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं, आजोबा."