कोरडी खुर्ची

मांजर आडवं गेलं की लोकांची कामं अडतात म्हणे. सोफेवाल्याचं उलट होतं. मांजर आडवं गेलं की त्याचं काम निघायचं. सोफ्याच्या हाताला नखं लागायची, कापडाच्या चिंध्या व्हायच्या, आतला फोम बाहेर डोकावायला लागायचा, आणि मग लोक त्याला फोन करायचे. पस्तीस वर्षं तो गल्लीच्या टोकाच्या लांबट खोलीत खुर्च्या उलट्या टाकून बसत आला होता. तोंडात बारीक खिळे, हातात हातोडी. बोलायची वेळ आली की खिळे एका गालात सरकवायचे, हे त्याला जमून गेलं होतं. बायको म्हणायची, भांडतातसुद्धा त्याच गालाने.

सोफे उसवता उसवता त्याला मांजरं कळायला लागली. शिकायला कुठे गेला नव्हता. फाटलेलं कापड बघायचा, एवढंच. दाराकडचा कोपरा ओरबाडलेला दिसला की म्हणायचा, "पाटी लावतंय ते. इथे मी राहतो, अशी. तुम्ही त्याला नखं घासायला दोरीचा खांब आणलात आणि ठेवलात मागच्या बाल्कनीत. तिथली पाटी कोण वाचणार?" मग तो खांब सोफ्याला खेटून उभा करायला लावायचा आणि महिना-दीड महिना सोफ्यावर जाड चादर टाकून ठेवायला सांगायचा. गादीवर ओलं करणारं मांजर असलं की आधी त्याचा शी-शूचा वाळूचा ट्रे कुठे ठेवलाय ते बघायचा. बहुतेक घरांत तो वॉशिंग मशीनच्या शेजारी असायचा. "तुम्ही बसलाय आणि कानाशी असा गडगडाट सुरू झाला, तर पुन्हा जाल का तिथे?" लोक हसायचे आणि ट्रे हलवायचे. सोफा मग दुसऱ्यांदा फाटायचा नाही.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिले," बायको म्हणायची, "पण त्यासाठी घरोघर जाणारे तुम्हीच."

पण या सगळ्याच्या आधी, दारात चपला काढता काढताच, त्याचा एक प्रश्न ठरलेला असायचा. मांजर ट्रेमध्ये किती वेळा जातं, आणि ओलं किती होतं? चारचौघांत हा प्रश्न आला की माणसं अवघडायची. एका प्राध्यापकांनी तर त्याला बाजूला घेऊन उत्तर कानात सांगितलं, जणू स्वतःचंच सांगतायत. उत्तरात काही वावगं वाटलं तर सोफेवाला हत्यारांची पिशवी उघडायचाच नाही. "आधी डॉक्टर. मांजर दुखणं सांगत नाही, लपवतं. सोफा कुठे पळून जात नाही." असं सांगून तो परत फिरायचा.

हा प्रश्न तो एकाच घरी विचारायचा विसरला, आणि ते घर त्याच्या सख्ख्या बहिणीचं होतं.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. मेहुणे जाऊन तीन महिने झाले होते. मुलगी लांबच्या शहरात, त्यामुळे घरात आता ताई आणि एक करडा बोका, एवढीच वस्ती. बोक्याचं नाव साहेब. नाव मेहुण्यांनीच ठेवलेलं, कारण ते कामावरून येईपर्यंत तो त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलेला असायचा आणि काही केल्या उठायचा नाही. मेहुणे गेले तेव्हा ताई रडली नाही. नातेवाइकांनी त्याला धीर म्हटलं. सोफेवाल्यानेही म्हटलं.

मग साहेब त्या खुर्चीवर ओलं करायला लागला. आठवड्यात चारदा. मुलगी फोनवर म्हणाली, आई, देऊन टाक त्याला कुणाला तरी. ताईने फोन ठेवला आणि भावाला बोलावलं.

तो आला. बैठक काढली, खोळ उसवली, फोम उन्हात ठेवला. ताई दाराशी हाताची घडी घालून उभी होती. "काय झालंय रे त्याला?"

सोफेवाल्याचा तळवा खुर्चीच्या हातावर टेकला होता. उजव्या हाताचं पॉलिश तेवढ्या जागी पुरतं उडालेलं होतं. तिथे रोज मेहुण्यांचा तळवा असायचा. ट्रे कुठे आहे, हे त्याने पाहिलंही नाही.

"रुसलाय गं," तो म्हणाला. "भाऊजींची वाट बघतोय. म्हणून त्यांच्याच खुर्चीवर."

तेव्हा ताई रडली, तीन महिन्यांत पहिल्यांदा. "मला वाटलं, या घरात मी एकटीच..." एवढंच म्हणाली आणि साहेबाला उचलून मांडीवर घेतलं. सोफेवाला घरी परतला तो चांगलं काम केल्याच्या समाधानात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढच्या गुरुवारी दुपारी तो एका खुर्चीच्या पाठीला रेक्झिन ठोकत होता. तोंडात खिळे होते, फोन खांद्याने कानाशी धरलेला. ताईचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा होता.

"अरे, साहेब शहाणा झाला. कालपासून खुर्ची कोरडी आहे."

"हं," सोफेवाला म्हणाला आणि एक खिळा ठोकला.

"मी समजावलं त्याला. म्हटलं, वाट मीही बघते, पण मी खुर्च्या भिजवते का?" ती हसली.

"हं." दुसरा खिळा.

"पोट तेवढं साफ होत नाही बिचाऱ्याचं. सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथत बसतो. दूध ठेवलं, तर त्याच्याकडेही बघेना."

हातोडी हवेतच राहिली. त्याने सगळे खिळे तळहातावर थुंकले.

"ताई, ट्रे ओला होतोय का?"

"नाही रे, तोही कोरडाच. तेच तर सांगतेय."

"टोपलीत घाल त्याला. आत्ताच्या आत्ता. मी निघालो."

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी साहेबाच्या पोटाला हात लावला मात्र, त्यांचा चेहरा बदलला. लघवी अडली होती. बोक्यांची नळी बारीक असते, त्यात रेतीसारखे खडे अडकतात. लोकांना वाटतं पोट साफ होत नाही, आणि तेवढ्यात मांजर हातचं जातं. "उद्यापर्यंत थांबला असतात तर आणायची गरजच पडली नसती," त्या म्हणाल्या. "आधी आठवडाभर भलत्या जागी करत असेल. तेव्हापासून जळजळ असणार. कुणाला दाखवलं नाहीत?"

ताई काही बोलायच्या आत सोफेवाला म्हणाला, "मला दाखवलं होतं. मी चुकीचं सांगितलं."

साहेबाला आत नेलं. दोघं बाहेरच्या बाकावर बसली, मध्ये रिकामी टोपली. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोनाचे पावणेचार झाले. मग बाई बाहेर आल्या. नळी घातली होती, मूत्राशय रिकामं झालं होतं. तीन दिवस ठेवून घ्यावं लागेल, पुढे ओलं खाणं आणि भरपूर पाणी. "वाचेल," त्या म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

सोफेवाल्याच्या जिवात जीव आला. ताई मात्र तशीच बसून राहिली.

"म्हणजे तो यांची वाट बघत नव्हता," ती म्हणाली.

खोटं बोलणं सोपं होतं. एकदा बोलून झालं होतं, आणि ते साहेबाच्या जिवावर बेतलं होतं. "बघतही असेल," तो म्हणाला, "पण खुर्चीवर करायचा ते दुखत होतं म्हणून. मऊ जागा शोधत होता."

"म्हणजे मी एकटीच होते."

सोफेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने केस मागे सारायला हात वर केला तसं मनगटावरचं घड्याळ घसरत पार कोपराजवळ गेलं. तिने ते सवयीने खाली ओढलं. त्याच्या लक्षात आलं की तीन महिन्यांत आपण त्या घरातली खुर्ची पाहिली, बोका पाहिला, आणि धीर आहे हो बाईला, असं म्हणून परत आलो.

"ताई, जेवतेस का गं?"

"जेवते की."

"किती वेळा? आणि किती?"

ताईने टोपलीची कडी लावली, काढली, परत लावली.

"आज सकाळी चहा घेतला," ती म्हणाली. मग कडीवरचा हात काढून, "कालचं आठवत नाही रे."