पथ्याची फाइल

डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांची मुदत दिली. वजन ब्याण्णव किलो, साखर चढलेली. दोन्ही खाली आली नाहीत तर इन्शुलिन. इन्शुलिनला मी भीत नव्हतो, मला धास्ती होती डोळ्यांची. माझ्या वडिलांची दृष्टी साखरेनेच गेली. शेवटी शेवटी ते माझा शर्ट चाचपून त्याचा रंग विचारायचे. हे भय मी घरात कधी बोलून दाखवलं नाही.

बायको मला 'अहो' म्हणते खरी, पण सरकारदरबारी ती अंडर सेक्रेटरी आणि मी तिच्याहून एक पायरी खाली, सेक्शन ऑफिसर. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पोचताच तिने एक कोरं फाइल कव्हर काढलं, टॅग ओवला आणि वर विषय लिहिला: 'पथ्यपालन व वजनघट'.

"आजपासून जे खायचं ते आधी फाइलवर माझ्या मंजुरीसाठी पुट अप करायचं," ती म्हणाली. "तोंडी काही चालणार नाही."

ऑफिसं आता कॉम्प्युटरवर चालतात, आमचं पथ्य मात्र कागदावर. पाडव्याला मी श्रीखंडाच्या दोन वाट्यांचा प्रस्ताव ठेवला. 'पूर्वी असे मंजूर झाले आहे काय?' असा तिने समासात शेरा मारला. मी गेल्या पाडव्याचा दाखला जोडला. तेवढ्यात ती टूरवर गेली आणि फाइल तिच्या टेबलावर, म्हणजे आमच्याच जेवणाच्या टेबलावर, पडून राहिली. समोर बसून मी भाकरी खायचो आणि फाइलकडे बघायचो. फ्रीज उघडून श्रीखंड खावं, हे मला सुचलंसुद्धा नाही. ती आल्यावर शेरा पडला: 'एक चमचा मंजूर.' तोवर श्रीखंड आंबून गेलं होतं. मी मुदतवाढ मागितली, ती नामंजूर झाली.

ऑफिसात मात्र मी जिलेबी हाणायचो. कुणाची बढती, कुणाची निवृत्ती, कुणाच्या मुलीचं लग्न. दिल्लीत कुणाला आनंद झाला की समोसे आणि जिलेबी आलीच. घरची फाइल घरच्या हद्दीपुरती, असा माझा अगदी प्रामाणिक समज होता.

दर सोमवारचं वजन मीच लिहायचो, ती खाली सही करायची. पहिल्या सोमवारी काटा जागचा हलला नाही, म्हणून अर्धा किलो कमी लिहिलं. पुढच्या सोमवारी मागच्याशी मेळ बसावा म्हणून आणखी अर्धा. असं करत बाराव्या सोमवारी मी शहाऐंशीवर आलो. खोटं कशाला सांगू, मला चालताना हलकं वाटायला लागलं होतं. फाइलवर आलं म्हणजे झालं, ही तीस वर्षांची सवय.

मुदत संपली तेव्हा आम्ही फाइल घेऊनच दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, फाइल बघितली, पुन्हा रिपोर्ट बघितला.

"अरे, वज़न छह किलो घटा और शुगर बढ़ गई? ज़रा काँटे पर आइए।"

काटा चौऱ्याण्णववर थांबला.

"इन्शुलिन आजच सुरू करू," असं काहीसं त्या हिंदीत म्हणाल्या आणि चिठ्ठीवर डोळ्यांची तपासणीही लिहिली. मला पुढचं ऐकू आलं नाही. बायको फाइल छातीशी धरून उभी होती.

ऑटोतही तिने ती मांडीवर घट्ट धरून ठेवली. घरी आल्यावर ती फाडफाड बोलेल म्हणून मी तयारीत होतो. तिने नुसती फाइल उघडली आणि स्वतःच्या बारा सह्यांवरून बोट फिरवलं. मला राहवलं नाही.

"मला बाबांसारखं व्हायचं नाही गं," मी म्हणालो. "फार भीती वाटते."

"मला काय ठाऊक नाही?" ती म्हणाली. "त्याच विचाराने मला रोज रडू यायचं. रडत रडत तुम्हाला पथ्य कसं सांगणार? म्हणून तर फाइल काढली." तिने डोळे पुसले. "सोमवारी शहाऐंशी वाचलं ना, तेव्हा कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली हो."