साडेसातची विधवा

आमचे हे शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होते. सहाला सुटायचे आणि सायकलवरून सातला घरी. सात वाजून गेले की माझ्या पोटात गोळा यायचा आणि साडेसातला मी विधवा झालेली असायचे. पावणेआठपर्यंत शिलाई मशीन घेऊन पोरांना शिकवून मोठंही केलेलं असायचं. थोरल्याच्या लग्नात यांच्या आठवणीने रडत असतानाच दारात सायकल वाजायची, आणि मी यांच्यावरच खेकसायचे. बिचाऱ्यांना आपलं काय चुकलं तेच कळायचं नाही.

माझे वडील लवकर गेले हे सासरी माहीत होतं. कसे गेले ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी आठ वर्षांची होते. 'भडंग घेऊन आलोच' म्हणून ते गेले आणि वाटेतच छातीत कळ येऊन कोसळले. लोकांनी उचलून आणलं, तेव्हा मी गर्दीत शिरून विचारलं, भडंग कुठाय. तेव्हापासून उशीर झालेला माणूस माझ्या लेखी गेलेलाच.

एकदा आठ वाजले तरी यांचा पत्ता नाही. मी पदर खोचून निघाले. सासूबाई मागे आल्या. त्यांना बघून शेजारीण, तिला बघून तिची जाऊ, कोपऱ्यावरचे शिंपीचाचा तर गळ्यात टेप तसाच ठेवून आले. काय झालं हे कुणी विचारेना. माझं तोंड बघूनच सगळ्यांनी काय ते ओळखलं होतं. गंगावेशीपर्यंत चांगली पंधरा-वीस माणसं गोळा झाली, सगळी माना खाली घालून.

तिथं कट्ट्यावर गवळी म्हशीची धार काढून ग्लास भरत होता आणि आमचे हे मिशीला फेस लावून उभे. आम्हाला बघून त्यांचा चेहराच उतरला. हळूच म्हणाले, "कोण गेलं?"

"तुम्ही," मी म्हणाले.

आणि मला जे हसू फुटलं, ते आवरेचना. म्हैस बिचकली. सासूबाई तिथंच कट्ट्यावर पोट धरून बसल्या. मयताला आलेल्या माणसांना असं कोरडं कसं पाठवायचं, म्हणत शिंपीचाचांनी यांच्याच खर्चाने सगळ्यांना दूध पाजलं.

परतताना माणसं पुढे गेली आणि माझ्या हसण्याचं रडणं कधी झालं कळलं नाही. हे सायकल हातात धरून चालत होते. त्यांना मी भडंगाची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या तोंडाशी आले की ओरडायचे, "जित्ता हाय गं!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. महिन्याभरात गल्लीतले निम्मे नवरे तसंच ओरडत घरी यायला लागले.

गोळा काही गेला नाही, अजूनही येतो. पण पहिल्यांदा तसं ओरडत आले त्या दिवशी यांच्या हातात भडंगाची पुडी होती. मी ती उंबऱ्यावर बसून एकटीनेच संपवली, पोरांनासुद्धा दिली नाही.