उणे अठरा आणि अर्जुनराव

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात अर्जुनराव एकतीस वर्षं क्वालिटीत होते. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातली चूक शोधायची आणि खाली सही करायची. ते निवृत्त झाले, कंपनीची बस कासारवाडीच्या नाक्यावर त्यांच्यासाठी थांबेनाशी झाली आणि चुका शोधण्याचं काम घरी आलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पोळ्यांचा व्यास मोजला. सातपैकी दोन 'रिजेक्ट' म्हणून बाजूला काढल्या. पद्माताईंनी नेमक्या त्या दोनच त्यांच्या ताटात वाढल्या.

माणूस मात्र सरळ. कुणाला कमी लेखायला ते चुका शोधत नसत. चूक सापडली, की पाहुणा आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळायचा.

यंदा पद्माताईंनी कुल्फी करायला घेतली होती. त्यासाठी पिंपरी कॅम्पातून एक वापरलेला, कपाटासारखं दार असलेला छोटा फ्रीझर आणला. पहिली ऑर्डर समोरच्या फरहीनने दिली. रविवारी दुपारी तिच्या नणंदेचा साखरपुडा, साठ कुल्फ्या. तिच्या सासूबाईंना दुकानातली हवी होती.

"अम्मींना मी सांगितलंय, आधी काकूंची खा, मग बोला," फरहीन म्हणाली. "आता माझी लाज तुमच्या हातात आहे, काकू."

गुरुवारी दुपारी साचे भरून आत गेले. शुक्रवारी सकाळी पद्माताईंनी एक काडी उचलली, तर नुसती काडीच वर आली.

"दूध कमी आटलं असेल," अर्जुनराव म्हणाले.

"तीन तास आटवलंय. तुम्हीच वेळ लिहून घेत होतात ना?"

ते खरं होतं. वहीत होतं. म्हणजे दोष यंत्रात होता, आणि अर्जुनरावांच्या पाठीचा कणा कित्येक महिन्यांनी ताठ झाला.

त्या सकाळी त्यांनी जे केलं, ते कुठल्याही मेकॅनिकला शोभलं असतं. फ्रीझर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. मागच्या जाळीवर बोटभर धूळ होती, ती जुन्या टूथब्रशने काढली. व्होल्टेज पाहिलं. दाराच्या रबरात चारही बाजूंनी कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली. पट्टी कुठेच सहज सुटली नाही. मग आत थर्मामीटर ठेवला आणि तासाभराने पाहिला. उणे पाच. हवे होते उणे अठरा.

इथवर सगळं ठीक होतं. यानंतर त्यांनी तक्ता केला.

तक्ता फ्रीझरच्या दारावर चिकटवला. दर वीस मिनिटांनी मोबाइल वाजे. अर्जुनराव दार उघडत. गार हवा तोंडावर येई, चष्म्यावर धुकं बसे. दार तसंच धरून ते चष्मा पुसत, मागच्या कोपऱ्यातून थर्मामीटर काढत, उजेडाकडे तिरका धरत, आकडा दोनदा स्वतःशी म्हणत आणि मगच दार लावून लिहीत. संध्याकाळपर्यंत कागदावर सुंदर आलेख तयार झाला. फक्त तो उलट्या दिशेने चालला होता. उणे पाचाचे उणे तीन झाले होते.

शनिवारी सकाळी पद्माताईंनी चांदभाईंना बोलावलं. कासारवाडी स्टेशनाजवळ त्यांचं फ्रिजदुरुस्तीचं दुकान. त्यांनी कॉम्प्रेसरवर तळहात ठेवला, कान लावला.

"मशीन तर घोड्यागत पळतंय, साहेब."

अर्जुनरावांनी तक्ता दाखवला. चांदभाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"अब्बा आजारी होते ना, तेव्हा डॉक्टरनं पण एवढं लिहिलं नव्हतं."

चहा आला. चांदभाईंचा अर्धा कप झाला, तेवढ्यात मोबाइल वाजला. अर्जुनराव उठले. दार, चष्मा, थर्मामीटर, उजेड. चांदभाई कप हातात धरून बघत राहिले.

"हे असं दिवसभर?"

"दर वीस मिनिटांनी."

"आणि रात्री?"

"रात्री तासाने. आता वय झालं."

चांदभाईंनी कप खाली ठेवला. "साहेब, बिघाड होता. जाळीवरच्या धुळीचा. तो तुम्हीच काल सकाळी काढलात, माझ्यासाठी काय ठेवलंच नाही. त्यानंतरचा बिघाड चष्मा लावतो."

पद्माताई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"बाळ झोपलं का बघायला दर वीस मिनिटांनी उठवलं, तर झोपेल कसं?" चांदभाई हळूच म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत हात लावू नका."

"तपासणीशिवाय?" अर्जुनरावांनी अशा आवाजात विचारलं, की चांदभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

अर्जुनरावांनी शब्द दिला. चांदभाई गेले. दहा मिनिटांत अर्जुनरावांचा हात फ्रीझरच्या मुठीवर होता. "फक्त एकदा बघतो, पद्मा."

पद्माताईंनी कपाटातून एक लाल लग्नपत्रिका काढली, तिचा चौकोन कापला, त्यावर 'होल्ड' लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि दोऱ्याने तो फ्रीझरच्या मुठीला बांधला. कंपनीत मालाला अशी लाल चिठ्ठी लागली, की सही करणाऱ्यानेच ती सोडवायची. तोवर कुणी मालाला हात लावायचा नाही. अर्जुनरावांनी एकदा खुद्द मोठ्या साहेबांना अशा पेटीपासून मागे फिरवलं होतं. ती हकीकत पद्माताईंनी प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकली होती.

अर्जुनरावांनी चिठ्ठी वाचली. "कारण लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

पद्माताईंनी लिहिलं : कारण – नवरा.

अर्जुनराव मागे सरले. दिवसभर मोबाइल वाजला की ते उठत, चिठ्ठीपर्यंत जात, सही पाहत आणि परत येऊन बसत.

रविवारी दुपारी पद्माताईंनी दोरा कापला. साचे इतके गोठले होते, की फरहीनच्या घरी बायकांना ते तळव्यांत फिरवून ऊब द्यावी लागली. सासूबाईंनी पहिली कुल्फी बशीवर टक्कन आपटून पाहिली.

"एवढी कडक?"

फरहीन पद्माताईंकडे बघेना. सासूबाईंनी एक तुकडा तोडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. मग काडीपर्यंत सगळी संपवली.

"अजून एक आहे का?"

तोवर साठच्या साठ वाटून झाल्या होत्या. मात्र दाराशी उभ्या असलेल्या अर्जुनरावांच्या हातातल्या डब्यात एक एकसष्टावी निघाली.

"ती नमुन्याची आहे," ते घाईने म्हणाले. "पुढची बॅच ताडून बघायला..."

पद्माताईंनी डबा त्यांच्या हातातून घेतला आणि कुल्फी सासूबाईंच्या बशीत ठेवली. अर्जुनराव घड्याळाकडे बघत उभे राहिले. वितळायला किती मिनिटं लागतात, निदान तेवढी तरी नोंद झाली असती. पण सासूबाईंनी तिला वितळू दिलंच नाही.