तुमच्या वयाच्या मानाने

माझी मावशी हाडांची घनता मोजते. इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून तिची अरुंद खोली आहे. एक लांब टेबल, त्यावर पातळ गादी, आणि झोपलेल्या माणसाच्या वरून सावकाश सरकत जाणारा यंत्राचा एक हात. खोलीला खिडकी नाही. पेशंट आडवा झाला की मावशी त्याच्या पोटऱ्यांखाली एक मऊ ठोकळा सरकवते, "श्वास नेहमीसारखा घ्या, गप्पा नंतर मारू" म्हणते आणि कोपऱ्यातल्या संगणकाशी जाऊन बसते.

इस्पितळात तिला सगळे हाडंबाई म्हणतात. तिलाही ते आवडतं. झाडणारी बाई रोज दारातून डोकावते, "हाडंबाई, आमची पण मोजा की, फुकटात." मावशी मान वर न करता म्हणते, "तुझी बाहेरूनच मोजता येतात. काहीतरी खात जा."

तिच्या यंत्रातून जो कागद निघतो त्यावर दोन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला आकडा तुमची तुलना ऐन तिशीतल्या धडधाकट माणसाशी करतो. दुसरा तुमच्याच वयाच्या माणसांशी. पेशंट नेमका पहिला आकडा आधी बघतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. सत्तरीच्या बाईला तिशीतल्या पोरीशेजारी उभं केलं तर दुसरं काय होणार? मग मावशी दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवते. "औषधपाणी डॉक्टर सांगतील. पण तुमच्या वयाच्या मानाने ठीक आहे हो."

हे वाक्य तिने इतक्यांना सांगितलंय की आमच्या घरात ते विनोदासारखं वापरलं जातं. भाजी करपली, छत्री मोडली, मला पेपर अवघड गेला, की कोणीतरी म्हणतंच, "वयाच्या मानाने ठीक आहे हो."

तो दुसरा आकडा म्हणजे झेड स्कोअर. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला संख्याशास्त्राचा एक पेपर सक्तीचा होता. कवितांवर जीव असलेल्या मुलीला त्यात काडीचंही कळत नव्हतं. एका दुपारी मी पुस्तक घेऊन मावशीकडे गेले. तिने पुस्तक मिटलं आणि मला बाहेर आणलं. तिच्या खोलीबाहेर लांबलचक बोळ आहे, एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला दार, मधोमध भिंतीशी एक बाक, आणि खाली मोठ्या करड्या फरश्या.

"समज, एकाच वयाच्या शंभर बायका मी इथे उभ्या केल्या," ती म्हणाली. "ज्यांची हाडं अगदी सरासरी, त्या बाकासमोरच्या या रेषेवर. दाट हाडांच्या जिन्याकडे. विरळ हाडांच्या दाराकडे. काय दिसेल?"

"मध्ये गर्दी."

"आणि टोकांना?"

"तुरळक."

"झालं. अर्धा पेपर आला तुला." मग तिने मला दाराच्या दिशेने एक फरशी सरकवलं. "आता तू मध्यापासून किती लांब, ते पावलांत सांगायचं. पण पाऊल तुझं नाही, गर्दीचं. गर्दी पसरलेली असेल तर पाऊल लांब, दाटीवाटीने उभी असेल तर आखूड. आज एक फरशी म्हणजे एक पाऊल. तू उणे एकवर आहेस."

पुस्तकात त्या पावलाला प्रमाण विचलन म्हटलं होतं. आपल्या आकड्यातून सरासरी वजा करायची, उरेल त्याला प्रमाण विचलनाने भागायचं. एवढंच. मध्य म्हणजे शून्य. मग हाड असो, उंची असो की मार्क, सगळं त्याच फरश्यांवर येऊन उभं राहतं.

"चाळीस मार्क वाईट का?" तिने विचारलं. मी हो म्हणणार तेवढ्यात तीच म्हणाली, "वर्ग कसा होता ते सांगितल्याशिवाय कळतच नाही. सगळे तिशीत अडकले असतील तर तू राणी आहेस."

मध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फरश्या, एवढ्यात शंभरातल्या पंचाण्णव जणी मावतात. दाराच्या बाजूला दोन फरश्यांच्या पलीकडे दोघी-तिघीच उरतात.

"त्यांना काय सांगतेस?" मी विचारलं.

"त्यांना मी काही सांगत नाही," मावशी म्हणाली. "त्यांना डॉक्टर सांगतात."

पेपरात मला बरे मार्क पडले, आणि ती दुपार मी विसरून गेले.

माझी आई मावशीपेक्षा मोठी. बाजाराच्या रस्त्यावर तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं, चेन बदलणं. साठीकडे झुकताना ती बदलत गेली. दुपारी शिलाई मशीनवरच डोकं टेकायची. गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप विसरायची आणि विसरल्याचा राग आमच्यावर निघायचा. सारखी तहान लागायची. मधे एकदा मुतखडाही झाला. आम्ही म्हणायचो, वय झालं. आणि तापट तर ती पहिल्यापासूनच, असंही म्हणायचो. मावशी हसून म्हणायची, "ताई, तुझ्या सुयांपेक्षा तूच जास्त टोचतेस." आई त्यावर हसत नसे. ती उठून आतल्या खोलीत जाई आणि दिवा न लावता बसून राही.

मग एका संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना तिचं मनगट मोडलं.

"पडले नाही, आपटले नाही," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "नुसतं ओढलं गं."

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि हाडांची घनता मोजून घ्यायला सांगितलं. अशी आई आपल्या धाकट्या बहिणीच्या टेबलावर येऊन पडली. इतक्या वर्षांत ती त्या खोलीत पहिल्यांदाच आली होती.

"थंड आहे तुझी गादी," आई म्हणाली.

"गप्प पड. श्वास नेहमीसारखा."

यंत्राचा हात सरकत गेला. मी दाराशी उभी होते, तिथून मला मावशीची पाठ दिसत होती. पडद्यावर आकडे आले तेव्हा ती पाठ जराशी ताठ झाली. तिने जन्मतारीख तपासली. वय चुकलं की तुलना चुकीच्या गर्दीशी होते. तारीख बरोबर होती. ती उठली, आईची कंबर दोन्ही हातांनी नीट सरळ केली आणि सगळं पुन्हा मोजलं.

"शिंप्यासारखं दोनदा काय मोजतेस?" आई म्हणाली. मग तिने मान वळवली. "झालं ना? मग म्हण की, ते तुझं वाक्य."

मावशीने कागद छापायला टाकला.

आईच्या वयाच्या बायकांची मणक्यांची सरासरी होती शून्य पूर्णांक नव्वद. आईची शून्य पूर्णांक एकसष्ट. फरक एकोणतीस शतांशांचा, आणि गर्दीचं पाऊल बारा शतांशांचं. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि मला ती करडी फरशी आठवली. उणे दोन पूर्णांक चार.

डॉक्टरांनी कागद पाहिल्याबरोबर रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. आईने चिठ्ठी पिशवीत कोंबली.

"मी काही करणार नाहीये," बोळात आल्यावर ती म्हणाली. "वय झालं की हाडं जातातच. कॅल्शियमच्या गोळ्या आण, घेते."

"तपासणी होईपर्यंत एकही गोळी घ्यायची नाही," मावशी म्हणाली. "आणि हे वय नाहीये ताई."

"मग काय आहे?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही तर कशाला जीव खातेस? सोड मला. मी थकलेय." तिचा आवाज चढला तशा बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. आईला तपासणीची भीती नव्हती. काही सापडणारच नाही, याची तिला खात्री होती. आपण अशाच आहोत, हे तिने कधीच मान्य करून टाकलं होतं.

मावशीने तिचा न मोडलेला हात धरला. "एक मिनिट माझ्याबरोबर चल. मग घरी जा, मी अडवणार नाही." तिने आईला बाकासमोरच्या रेषेवर आणलं. "तुझ्या वयाच्या सगळ्या बायका इथे. काही एक फरशी पुढे, काही एक मागे. त्यांचंही वय झालंय. त्यांनाही चाळिशी लागली, त्यांचेही गुडघे दुखतात." मग हात न सोडता ती आईला दाराकडे नेऊ लागली. एक फरशी. दुसरी. तिसरीच्या जवळजवळ मध्यावर ती थांबली. "आणि तू इथे आहेस."

आईने मागे वळून पाहिलं. बाक लांब राहिला होता. आजूबाजूला नुसती फरशी होती.

"इथे कोणीच नाही," ती म्हणाली.

"वयामुळे असतं तर इथे गर्दी असती ताई."

आईने पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. रागावली असेल असं मला वाटलं, पण ती हळूच म्हणाली, "मला ना, कधीपासून असंच वाटत होतं. सगळे तिकडे आहेत, आणि मी इथे." मग तिने पिशवीतून चिठ्ठी काढली आणि चुरगळलेली घडी मांडीवर सरळ करावी तशी प्लास्टरवर ठेवून सरळ केली. "रक्त कुठे देतात?"

रक्तात कॅल्शियम फार वाढलेलं निघालं. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यातली एक सुजली होती आणि आईच्या हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतत होती. थकवा, तहान, मुतखडा, विसरणं, चिडचिड, या सगळ्याच्या मागे तीच असू शकते, डॉक्टर म्हणाले. कधीपासून, ते सांगता येणार नाही. ती ग्रंथी काढून टाकायचं ठरलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मावशी बाहेरच्या खुर्चीवर बसून होती. तिने आणलेला चहा गार झाला. "आल्या-गेल्याला मी विचारते, वय किती, उंची किती," ती म्हणाली. "सख्ख्या बहिणीला नुसतं तापट म्हणत राहिले. कोणाच्या मानाने तापट, ते एकदाही विचारलं नाही." मला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण आतल्या खोलीत दिवा न लावता बसलेली आई मीही रोज पाहिली होती.

आई सावकाश बरी झाली. दुपारची झोप गेली, मापं लक्षात राहू लागली. गेलेली वर्षं मात्र गेलीच. त्यांबद्दल ती बोलत नाही. आम्ही तिच्याशी फारच जपून वागायला लागलो तेव्हा तिने एकदा सगळ्यांना झापलं, "थोडी तापट मी आहेच हां. सगळंच त्या ग्रंथीवर ढकलू नका."

वर्षाने ती पुन्हा त्या टेबलावर पडली. यंत्राचा हात सरकला. मावशीने कंबर सरळ केली नाही, जन्मतारीखही तपासली नाही, फक्त पडद्याकडे बघत राहिली. उणे एक पूर्णांक आठ.

"किती?" आईने विचारलं.

"गर्दीत आलीस. मागच्या बाजूला आहेस, अगदी कडेला. पण गर्दीत आहेस."

आईने ते वाक्य मागितलं नाही, आणि मावशीनेही म्हटलं नाही.  आईने पदर सारखा केला, बाहेर आली आणि बोळातल्या बाकाकडे गेली. तिथे तिच्याच वयाच्या चार-पाच बायका आपापल्या चिठ्ठ्या धरून बसल्या होत्या.

"सरका जरा," आई त्यांना म्हणाली, आणि त्यांच्यामध्ये बसली.