लेनार्टचं ‘टाक’

कॅरलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. “लेनार्ट गेला,” ती म्हणाली. मग थोडं थांबून... “खुर्चीत बसल्या बसल्या. कॅन यू इमॅजिन?” मला खरंच कल्पना करता येईना. त्या माणसाला खुर्चीत बसवण्यासाठी त्याच्या या बायकोने आणि मी जेवढा जीव आटवला, तेवढा मी नोकरीसाठीसुद्धा आटवला नसेल. आणि आता हा आपणहून बसला, आणि गेला! मला रडू यायच्या आधी त्याचा राग आला. तो राग ओसरायला काही आठवडे लागले, म्हणून आज लिहितोय.

मी शिकागोजवळच्या शॉमबर्गला आलो २००१ मध्ये. ऑफिसात रोज कुणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं आणि आपली पाळी कधी, या धास्तीने जेवण जायचं नाही. अशात एका जिमच्या दारावर ‘हँडबॉल, दर रविवारी’ असा कागद दिसला. नागपूरला युनिव्हर्सिटीकडून खेळलेला माणूस मी, आत शिरलोच. आत लेनार्ट उभा होता. दाराच्या चौकटीएवढा उंच, एक गुडघा न वाकणारा. स्वीडनमध्ये मोठ्या क्लबकडून अनेक वर्षं खेळला, गुडघा गेल्यावर कोच झाला आणि मग कॅरलशी लग्न करून अशा देशात आला, जिथे हँडबॉल म्हटलं की लोक भिंतीवर चेंडू आपटून दाखवतात. ती नर्स, हा शाळेत पीटीचा मास्तर. वयाने तो माझ्या काकांसारखा, पण इंग्रजीत सगळ्यांनाच ‘यू’, त्यामुळे माझ्या मनातही तो ‘तो’च राहिला.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. कोपऱ्यातला चेंडू उचलून मी त्याच्याकडे निघालो, तर तो म्हणाला, “टाक.” मी टाकला. चेंडू त्याच्या चष्म्यावर! स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘आभारी आहे’, हे मला काय ठाऊक? शिवाय त्याचा उच्चार ‘ताक’ आणि ‘टाक’ यांच्या मधला कुठला तरी. पुढे तो घरी जेवायला आला तेव्हा माझ्या बायकोने, मेधाने, ताकाचा पेला भरला, तो म्हणाला, “ताक.” तिने पुन्हा भरला, तो पुन्हा म्हणाला. “अरे, याला ताक भलतंच आवडलेलं दिसतंय,” मेधा मला हळूच म्हणाली. शेजारी कॅरल मात्र त्याच्या प्रत्येक ‘टाक’ला न चुकता “यू आर वेलकम” म्हणायची. झोपेतसुद्धा म्हणत असेल.

कोच म्हणून त्याचा एकच मंत्र होता : थांबा. घाई नको, माझ्याकडे बघा, मग मारा. एकदा गाडीत त्याने त्याच्या शेवटच्या फायनलची गोष्ट सांगितली. समोर गोल उघडा होता. त्याने बेंचकडे पाहिलं, कोचने हाताने ‘थांब’ म्हटलं, तो थांबला... आणि गोलकीपर सरकला. मॅच गेली, पुढच्याच सीझनला गुडघा गेला. “मग यार, तू आम्हाला का थांबवतोस?” मी चिडून विचारलं. “मला दुसरं काही कुणी शिकवलंच नाही,” तो म्हणाला.

मग त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी कोचिंग बंद करायला सांगितलं, आणि नेमकी त्याच वसंतात आमची टीम शिकागोच्या स्पर्धेत फायनलला पोचली. त्याने खेळाडू म्हणून फायनल जिंकली नव्हती, कोच म्हणूनही नाही. ही शेवटची, म्हणून कॅरल कशीबशी तयार झाली. अट एकच, खुर्चीतून उठायचं नाही. मॅचच्या आधी तिने मला बाजूला घेतलं. “तो उठला तर त्याच क्षणी मी त्याला घरी नेणार. आणि तू मला मदत करशील, टीमला नाही. प्रॉमिस?” मी हो म्हणालो. ती टीमची नर्स म्हणून त्याच्या शेजारी बसली.

ती मॅच मी अर्ध्या डोळ्याने खेळलो. एक डोळा चेंडूवर, दुसरा खुर्चीवर. अगदी शेवटी बरोबरी झाली, चेंडू माझ्या हातात, आणि लेनार्ट उठला! चेहरा राखेसारखा, एक हात छातीवर, दुसऱ्यात काहीतरी हिरवं. चेंडू सोडून धावायचं, मी शब्द दिला होता. पाय वळलेसुद्धा. तेवढ्यात त्याचा आवाज आला, “टाक!”

मी टाकला. उडी नाही, नेम नाही, नागपूरच्या मैदानावर पोरं ओरडायची तसाच तो शब्द कानात शिरला आणि हात सुटला. चेंडू जाळ्यात गेला. मी वळून पाहिलंही नाही, थेट खुर्चीकडे धावलो.

तो बसला होता, धापा टाकत. कॅरल टाइमकीपरच्या टेबलापाशी हिरवं कार्ड घेऊन उभी होती आणि ढसाढसा रडत होती. ते टाइमआउटचं कार्ड होतं; कोचने ते टेबलावर ठेवलं की शिट्टी वाजते आणि खेळ थांबतो. टेबलावर ठेवायला तो उठला, तर त्याला चालावं लागू नये म्हणून तिने ते हिसकावून घेतलं. तो तिला म्हणाला, “टाक.” ती सवयीने म्हणाली, “यू आर वेलकम,” आणि मग निघाली. ते म्हणायला थांबली नसती तर शिट्टी आधी वाजली असती आणि माझा गोल धरला गेला नसता.

“मी तुम्हाला थांबवत होतो,” लेनार्ट म्हणाला.

“मला ‘टाक’ ऐकू आलं.”

त्याने माझा हात घट्ट धरला. “बरं झालं. मला कुणीतरी असं चुकीचं ऐकायला हवं होतं...”

त्यानंतर त्याने टीमची शिट्टी कधी हातात घेतली नाही. पण आमच्या ड्राइव्हवेत तो ईराला, माझ्या लेकीला, शिकवत राहिला. ‘थांब’ हा शब्द मी पुन्हा त्याच्या तोंडून ऐकला नाही.

जिममध्ये कडेला त्याची खुर्ची आम्ही तशीच ठेवली आहे. गेल्या रविवारी मुलींचा खेळ चालू होता. ईराची एक मैत्रीण, जिला ना मराठी कळतं ना स्वीडिश, चेंडू घेऊन गोलसमोर अडखळली आणि कुणीतरी खूण करेल म्हणून त्या खुर्चीकडे बघत राहिली. “डोन्ट लुक देअर!” ईरा किंचाळली. “टाक!”

पोरीने टाकला. आणि रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली कॅरल, चेंडूकडे न बघताच, हळूच म्हणाली, “यू आर वेलकम.”