चिठ्ठीला पुसून सांगते

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. हे वाक्य बाबा कुणालाही सांगतात, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथे ते मशीनवर असतात. चाकणहून त्यांची इकडे बदली झाली तेव्हा माझी बारावी नुकतीच संपली होती, आणि मला नुंगंबाक्कमच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. बाबांना वाटलं, पोरगी मार्गाला लागली. मला मात्र वर्गात तोंडच उघडता येत नव्हतं. इंग्रजी समजायचं, पण बोलायला गेलं की अडायचं. तमिळ समजतही नव्हतं. सरी म्हणजे बरं, इल्ले म्हणजे नाही, तण्णी म्हणजे पाणी, एवढ्यावर दिवस निघायचा. सकाळी बसमध्ये चढल्यापासून संध्याकाळी घरी येईपर्यंत मी किती कमी बोलते, हे माझं मलाच कधी कधी जाणवायचं आणि भीती वाटायची.

चेन्नईतल्या मराठी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. आईनं सांगितलं म्हणून मी तिथे विचारलं, ज्वारीचं पीठ कुठे मिळेल? पुष्कळांनी नुसता अंगठा दाखवला. एकीनं मात्र मला वेगळा मेसेज पाठवला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. "ज्वारीचे पीठ, पुसून सांगते."

मी आईला वाचून दाखवलं. "पीठ पुसून कसं सांगणार गं ही?"

आई हसली. "अगं वेडे, पुसणं म्हणजे विचारणं. विचारपूस म्हणत नाही का आपण?"

अशी आमची ओळख झाली. ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी असावी. सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, पण आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम. घर नुंगंबाक्कमलाच, माझ्या कॉलेजपासून जवळ. तिचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले आणि तिकडचेच झाले. घरात अजून त्यांचं जुनं मराठी चालतं. देवनागरी वाचता येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरं. मग मीही तशीच लिहू लागले. मी तिला ताई म्हटलं तर म्हणाली, "अक्का म्हण. ताई म्हटले की बँकेतली बाई वाटते."

आमचं बोलणं अगदी साधं असायचं. ती रोज विचारायची, "जेवण जाले का?" पहिल्यांदा मी ते जाळे वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे कोळ्याचं जाळं आलं. मी सांगायची, डब्यात वांगं होतं, कंडक्टर सुट्ट्यावरून ओरडला, कॉलेजच्या पायरीवर मांजरीनं पिल्लं घातली. मला तिच्या शब्दांचं वेड लागलं होतं. सगळ्यांना ती अवघे म्हणायची, संध्याकाळला सांज. मग मी विचारत सुटायची: याला तुमच्यात काय म्हणतात, त्याला काय? आणि ती लिहायची, "थांब. चिठ्ठीला पुसून सांगते."

मी समजले की तिच्याकडे जुन्या शब्दांची एखादी चिठ्ठी असावी. घरातल्या कुणी म्हाताऱ्या माणसानं लिहून ठेवलेली. चिठ्ठीला विचारायचं, हे मला फार गोड वाटलं. त्यांच्या बोलीत असंच म्हणत असतील, असं मी धरून चालले. एकदा दुपारी मी काहीतरी विचारलं तर तिचा मेसेज आला, "आज ऑफिसात आहे. चिठ्ठी घरी. सांजेला पुसते." मी लिहिलं, "पर्समध्ये ठेवत जा ना." तिनं हसण्याच्या चार बाहुल्या पाठवल्या. आणखी एकदा लिहिलं होतं, "चिठ्ठी आज रुसली. काही सांगत नाही." मला वाटलं, शब्द सापडत नसेल, आणि ही अशी गंमत करते.

दुसऱ्या सत्रात मला वर्गापुढे उभं राहून बोलायचं होतं. आदल्या दिवशी बसमध्ये मी तीच चार वाक्यं घोकत होते. मी अक्काला लिहिलं, उद्या मी जाणारच नाही, आजारी आहे म्हणून सांगेन. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं: "चिठ्ठी म्हणते, उगी बसू नको. चुकले तर चुकले. अवघे चुकतात. बोलणारीचेच चुकते."

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले. चुकलेही. एका ठिकाणी शब्द आठवेना म्हणून मराठीच शब्द तोंडून गेला आणि वर्ग हसला, पण मी शेवटपर्यंत बोलले. बाहेर येऊन लिहिलं, "चिठ्ठीला थँक्यू सांग!"

"सांगितले. ती पुसते, काय काय बोललीस? अवघे सांग."

मी खूश होते. लांबलचक अवघं लिहून पाठवलं.

त्यानंतर परीक्षा आल्या, आमचं बोलणं थोडं कमी झालं. एका सकाळी मी बसमध्ये होते. नेहमीप्रमाणे उभी, एका हातात वरचा दांडा, एका हातात फोन. अक्काचा मेसेज आला. दोनच शब्द.

"चिठ्ठी गेली."

मी लगेच लिहिलं, "जाईल कुठे? नीट शोध. एखाद्या पुस्तकात असेल." पुढे हसरी बाहुली टाकली. तिनं ते वाचलं, हे फोनवर दिसलं. उत्तर आलं नाही.

तिला वाईट वाटलं असणार, हे मला कळत होतं. एवढी जुनी चिठ्ठी, आता ती कुणाला विचारणार? आपण हसरी बाहुली टाकायला नको होती असं वाटलं. दोन-तीन दिवस वाट पाहिली आणि पुन्हा लिहिलं, "सापडली का?"

तेही वाचलं गेलं. त्यालाही उत्तर नाही.

मग माझं बोलणंच बंद झालं म्हटलं तरी चालेल. आई घरी असायची, पण आईशी बोलणं वेगळं. दिवसभरात एखादी गोष्ट दिसली की मनात तिचं वाक्य तयार व्हायचं, अक्काला सांगण्यासाठी, आणि तिथेच राहायचं. मला वाटायचं, एका कागदासाठी माणूस इतकं रागावतं का? आणि लगेच वाटायचं, आपल्याला काय कळतं, असेल त्या कागदात काही.

एके दिवशी कँटीनमध्ये माझ्या वर्गातली मुलगी शेजारी बसली होती. तिचा फोन टेबलावर थरथरला. पडद्यावर नाव आलं आणि मी ते वाचलं. चिठ्ठी. तोच शब्द, तीच इंग्रजी अक्षरं, अक्का लिहायची तशीच.

तिचं बोलणं संपल्यावर मी विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"चित्ती. अम्माची धाकटी बहीण. का? तुमच्यात काय म्हणतात?"

"मावशी," मी म्हटलं.

तमिळ लोक त लिहायला इंग्रजी टी आणि एच जोडतात. आम्ही मराठी माणसं तीच अक्षरं ठ म्हणून वाचतो. एवढंच. तो ठ नव्हताच कधी.

मी कँटीनमधून उठून जिन्यावर जाऊन बसले आणि अक्काबरोबरचं सगळं बोलणं पहिल्यापासून वाचू लागले. ते कसं सांगू, मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. मेसेज तेच होते, पण आता त्यात एक बाई होती. आज ऑफिसात आहे, चित्ती घरी. ती घरी एकटी बसली होती आणि मी म्हटलं होतं पर्समध्ये ठेव. चित्ती आज रुसली. चित्ती म्हणते, उगी बसू नको. मला ज्यांनी वर्गात उभं केलं त्या बाई इतके महिने माझ्याशी बोलत होत्या आणि मी त्यांना कागद समजत होते. सगळ्यात खाली त्या गेल्या होत्या, आणि त्याच्याखाली माझं, नीट शोध. त्याच्याखाली, सापडली का?

मी तिथेच बसून लिहिलं. चुकांसकट, जसं सुचलं तसं. चिठ्ठी आणि चित्ती, सगळं. उत्तर संध्याकाळी आलं. पत्ता, आणि खाली, "ये."

घर जुन्या तीन मजली इमारतीत होतं, मी कॉलेजला जाताना रोज त्याच गल्लीच्या तोंडावरून जायची. दार अक्कानं उघडलं. ठेंगणी, चष्मेवाली, केस वर बांधलेले. आम्ही एकमेकींना पहिल्यांदाच पाहत होतो. हॉलमध्ये लाकडी झोपाळा होता. त्याची फळी वर उचलून साखळ्यांनी भिंतीला बांधून ठेवली होती. खाली फरशीवर जिथे पाय टेकत असतील तिथे दोन गुळगुळीत चट्टे पडले होते. मी त्यांच्यावर पाय पडू न देता बाजूने गेले.

"वा, वा. म्हणजे, ये. बस." ती थांबली. "मराठी... मला बोलायला एवढं येत नाही, ओके? हसू नको."

मला कळेना. लिहिताना तर ती भरभर लिहायची.

"मी टाइप करत होते. सांगायची ती," अक्का म्हणाली. "मी लॅपटॉप घेऊन खाली बसायची, ती झोपाळ्यावर. तू काही पुसलंस की मी तिला वाचून दाखवायची. लहानपणी मी तिच्याशी तमिळच बोलायची. ती मराठीत पुसायची, माझा रिप्लाय तमिळमध्ये, कळतंय ना? तिच्याशी मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मग तू आलीस, ज्वारीचं पीठ पुसत."

"त्यांना माहीत होतं मी कोण ते?"

"ती तुला पुसणारी म्हणायची. सकाळी कॉफी पिताना पहिलं हेच. पुसणारी आली का? काय पुसते आज?" ती थोडी हसली. "एकदा रुसली होती ना, ते खरं. तू दोन दिवस काही पुसलं नव्हतंस."

मी खाली बघत म्हटलं, "अक्का, तो मेसेज. नीट शोध म्हणून."

"आधी मला वाटलं किती दुष्ट मुलगी. फोन फेकून द्यावासा वाटला. मग दुसरा आला. सापडली का. तेव्हा कळलं, ही कागद शोधायला सांगते. घरात सगळे नातेवाईक, रडारड, आणि मी हसते. थांबताच येईना. अवघे म्हणाले, हिला वेड लागलं." तिनं चष्मा काढून पुसला. "तिला सांगायला हवं होतं गं. ती इतकी हसली असती. झोपाळ्यावरून पडली असती."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

"कशात देऊ? मराठी संपलं ना माझं."

ती कॉफी करायला आत गेली. मी हॉलमध्ये एकटी राहिले. झोपाळा बांधलेला होता आणि वारा नव्हता, तरी एक साखळी बारीक किणकिणली. खालून एखादी गाडी गेली असेल. मी उठले नाही. कुणीतरी मला काहीतरी विचारेल आणि मला तमिळमध्ये उत्तर देता येणार नाही, अशी काहीतरी भीती होती. आणि खरं सांगायचं तर कुणी विचारावं असंही वाटत होतं.

आता अक्का आणि मी पुन्हा लिहितो. तिच्या मेसेजमध्ये इंग्रजी पुष्कळ असतं, मधे मधे एखादा मराठी शब्द, सांभाळून ठेवल्यासारखा. पण ते दुसरं बोलणं कुठे गेलं नाही. ते माझ्यात राहिलं. परवा बाबा दुसऱ्या पाळीहून आले आणि मी विचारलं, "जेवण जालं का?"

"जालं?" बाबा म्हणाले. "ही काय म्हातारीसारखी बोलायला लागली?"

"कॉलेजात शिकवतात वाटतं," आई म्हणाली. "सांज काय, अवघं काय. कुठल्या गावची गं तू?"

ज्यांचा आवाज मी एकदाही ऐकला नाही त्यांच्यासारखं मी बोलते, हे कसं सांगणार?

मागच्या आठवड्यात सकाळी मी बसमध्ये होते. या वेळी बसायला जागा मिळाली होती, खिडकीशी एक बाई आणि शेजारी मी. अक्काचा मेसेज आला. आज कुकर न लावता पातेल्यात भात केला होता तिनं. "तळाला लागून लाल होतो तो भात. त्याला चित्ती काय म्हणायची? तुला कधी सांगितलं का? मला आठवतच नाही."

मी जुनं सगळं बोलणं शोधलं. भात होता, तांदूळ होता, पातेलं होतं. ते नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी लिहिलं, "आमच्याकडे खरवड म्हणतात."

"ते नाही. तिच्या तोंडचं हवं."

मी विचार करत राहिले. काय लिहावं कळत नव्हतं आणि बोटं आपोआप चालली. पाठवल्यावर मी पाहिलं, मी काय लिहिलंय ते.

"थांब. चित्तीला पुसून सांगते."

तिनं वाचलं. ती काहीतरी लिहितेय असं दिसलं, मग गेलं, मग पुन्हा दिसलं. हा मेसेज परत घेता येतो, मला माहीत होतं, पण घेतला नाही.

मग तिचं उत्तर आलं. एकच शब्द.

"पूस."

पूनमल्लीच्या थांब्यावर खिडकीशी बसलेल्या बाई उतरल्या. जागा रिकामी झाली. दोन बायका उभ्या होत्या, त्यांतली एक माझ्याकडे बघत होती, मी सरकेन म्हणून. मी सरकले नाही. फोन हातात धरून तशीच बसून राहिले, त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून.